दगडा नदीचं नाव

दगडा नावाची नदी कुठल्याही नकाशात सापडायची नाही. ती आमच्या पुणतांब्याच्या घरात, स्वयंपाकघराच्या जमिनीवर होती. जात्याखाली उगम, चुलीला वळसा, पाट्यापाशी मोठा डोह आणि मोरीच्या भोकाशी समुद्र. रोज दुपारी ती तांदळाच्या पिठीनं काढली जायची आणि अण्णा घरी यायच्या आत पोतेऱ्यानं पुसली जायची. माझ्या सासरचे चुलत दीर मला कधी पाठ झाले नाहीत, पण त्या नदीकाठची गावं विचारा, आजही एका दमात सांगेन. उखळवाडी, चिमटेगाव, राखपठार, फडताळ बुद्रुक.

ती नदी काढणारी बाई म्हणजे माझी सावत्र आई. सावत्र म्हटलं की लोक जरा पुढं सरकून बसतात, छळाची गोष्ट ऐकायला मिळेल म्हणून. छळ झाला, नाही असं नाही. पण तो मी तिचा केला. मी तेव्हा सात वर्षांची होते आणि जिभेला हाड नव्हतं. आता सत्तरी उलटली, तरी हाड काही आलेलं नाही.

माझी सख्खी आई, विजया, अडतीस सालच्या भाद्रपदात गंगेवर धुणं धुवायला गेली आणि शेवाळलेल्या पायरीवरून घसरून वाहून गेली. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. माझे वडील, यज्ञेश्वरभट, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, त्याच घाटावर कुणाचा तरी दहावा करत बसले होते, नदीकडे पाठ करून. ओरडा ऐकून ते वळले तेव्हा तिथं नुसती धुण्याची बादली होती. तिसऱ्या दिवशी आई दोन कोस खाली सापडली. माझा भाऊ शामकांत तेव्हा दीड वर्षांचा होता, त्याला काही कळलं नाही. मला सगळं कळलं.

पुढच्या वैशाखात अण्णांनी दुसरं लग्न केलं. मुलं लहान, घरात बाई नाही, तर करणार काय? मुलगी जामखेडची, एकोणीस वर्षांची, वडील नसलेली. आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं त्यात नवं नाव लिहितो आणि त्या घटकेपासून आई-बापांनी ठेवलेलं नाव संपतं. अण्णा अंगठी हातात धरून नाव शोधत बसले होते. तेवढ्यात माझी आत्या म्हणाली, "शोधता काय? घरातल्या सगळ्या भांड्यांवर विजया घातलंय. दुसरं नाव ठेवलंत तर भांडी काय परत ठोकून घ्यायची?"

सगळ्यांना ते पटलं. हंडे, घागरी, पातेली, परात, लहानमोठी वीस भांडी. 'चि. सौ. कां. विजया हिस मामाकडून', 'सौ. विजयास आत्याकडून'. नवी बाई भांड्यांच्या मापाची आणली गेली. अण्णांनी तांदळात 'विजया' लिहिलं. मी ते अक्षर अक्षर लावून वाचलं आणि ताट उचलून उधळून दिलं. आत्यानं मला दोन थोबाडीत ठेवून दिल्या. तांदूळ गोळा झाले, नाव मात्र जे लागलं ते लागलं.

आल्या दिवशी तिनं मला विचारलं, "गंगा किती लांब आहे गं?"

"मागच्या दारापासून शंभर पावलं," मी म्हटलं.

तिचा चेहरा असा काही फुलला की मला तिचा रागच आला. जामखेडची विंचरणा म्हणजे पावसाळ्यात चार दिवस पाणी आणि बाकी वर्षभर वाळू. भर उन्हाळ्यात वाहणारी नदी तिनं जन्मात पाहिली नव्हती. बिजवराला होकार देताना तिच्या आईनं तिची समजूत घातली होती, "दारात गंगा आहे बाई, आणखी काय पाहिजे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घागर घेऊन मागच्या दाराकडे निघाली तेव्हा अण्णा आडवे आले. त्यांनी शामला तिच्या मांडीवर बसवलं, तिचा हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "म्हण, मी विजया, गंगेवर पाऊल टाकणार नाही."

ती गोंधळली. अण्णांनी तिचा हात तसाच दाबून धरला. म्हणाले, "नदी नाव विसरत नाही. एका विजयेला तिनं नेलं. पोराच्या डोक्यावर हात ठेवून म्हण."

ती म्हणाली. न म्हणून काय करते?

मोठी झाल्यावर मी अण्णांना एकदा विचारलं होतं, एवढी भीती होती तर तेच नाव ठेवलंत कशाला? त्यांनी हातातली पोथी मिटली. मग म्हणाले, "भांड्यांचा विचार आधी झाला, इंदू. नदीचा नंतर आला." माझे अण्णा दशग्रंथी होते, पण एवढी साधी गोष्ट त्यांना उलट्या क्रमानं सुचली.

तर अशी ती अडकली. दाराला कडी नव्हती, कुलूप नव्हतं, कुणी पहारा करत नव्हतं. मागचं दार दिवसभर सताड उघडं असायचं आणि वारा सुटला की ओल्या वाळूचा वास घरात यायचा. मधे फक्त शामचं डोकं होतं. शपथ मोडली तर पोर जाणार, हे तेव्हा दोन अधिक दोन चार इतकं खरं होतं. आणि शाम तर तिच्याशिवाय जेवायचाही नाही.

अण्णा दुष्ट असते तर तिला बरं झालं असतं, चार शब्द भांडता आलं असतं. पण ते पहाटे स्वतः गंगेवर जाऊन दोन घागरी पाणी आणायचे, मग पुन्हा दोन. धुणंही तेच धुवायचे. घाटावर लोक हसायचे, भटजी बायकोची लुगडी पिळतात म्हणून. अण्णा मान खाली घालून पिळायचे. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? तिचं खरकटं पाणी तेवढं मोरीतून गटारात आणि गटारातून गंगेला मिळायचं. घरातून तिच्या हातचं तेवढंच काय ते नदीपर्यंत पोचायचं.

पहिल्या पावसाळ्यात तिनं पिठीची नदी काढायला सुरुवात केली. आमच्याकडे भीमाबाई भांडी घासायला यायची. ती आली की ही आधी विचारायची, "आज पाणी कुठवर आहे?"

"सातव्या पायरीला टेकलंय, बाई."

मग दुपारी नदी तेवढी रुंद निघायची. पाणी पायऱ्या उतरलं की बारीक व्हायची. शाम पालथा पडून बघायचा. मी उंबऱ्यात पाठ करून बसायचे, पण कान सगळे आत.

तिच्या त्या देशात नदीवर जायचं नसे. नदीच घरोघर यायची. प्रत्येक घराला दोन दारं, एक नदीनं यायचं आणि एक जायचं. नदी यायच्या दिवशी माणसं सामान माळ्यावर चढवत, पाटावर पाय घेऊन बसत, आणि ती आत आली की तिला हळदकुंकू देत. ती घरात वाकून बघे, म्हाताऱ्यांचे पाय धुई, पाळण्याला एक झोका देई आणि मागच्या दारानं निघून जाई. डोंगर तिथं दळायला बसत. मासे पावसात छत्र्या घेत. एकदा चिमटेगावच्या पाटलानं दुसरं दार बांधलंच नाही, म्हणून नदी त्याच्या घरात अडकून पडली आणि सगळी पंचक्रोशी तहानली. पाटलाला शेवटी भिंत फोडावी लागली. हे सांगताना ती शामकडे बघून हसायची, पण आवाज हसरा नसायचा.

एकदा मला राहवलं नाही. "नदीचं नाव काय?" मी पाठमोरीच विचारलं.

"दगडा."

"शी! नदीचं नाव कुठं दगडा असतं?"

"असतं," ती म्हणाली आणि मला त्या नावाचा उगम सांगितला. तिथल्या एका डोंगराला आधी तीन नद्या झाल्या. तिन्ही रांगत्या वयात गेल्या. काळ घागर घेऊन यायचा आणि भरून न्यायचा. चौथी झाली तेव्हा गावची म्हातारी सुईण म्हणाली, हिचं नाव असं ठेवा की उचलायला तो वाकायचा नाही. काळ आला. पाळण्यात कोण आहे, त्यानं विचारलं. डोंगर म्हणाला, दगडा. "दगड माझ्याकडे ढीगभर पडलेत," असं म्हणून काळ निघून गेला. नदी जगली. पण सुईणीनं एक अट घातली होती. हिला याच नावानं हाक मारत राहायची. हाक थांबली की हिच्यात गाळ भरायला लागेल.

"मग कोण मारतं हाक?" शामनं विचारलं.

"सध्या कुणी नाही," ती म्हणाली आणि पोतेरं उचललं.

मला ते काही सोसलं नाही. माझी आई गेली, हिला मात्र खोट्या नद्यांचं कौतुक. शिवाय ती पिठी माझ्या आईच्या नावाच्या डब्यातली. मी उठले आणि नदीवर सरळ लाथ मारली. पीठ चुलीपर्यंत उडालं. तिनं ते पुसून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिनं नदी काढली, आणि मी जिथं लाथ मारली होती तिथं आडवी जाड रेघ ओढली. "इथं भिंत झाली," शामला म्हणाली. "तिकडं भंडारदऱ्याला अख्ख्या नदीला घातलीय म्हणतात, तशी." त्या दिवसापासून नदी भिंतीपाशी थांबायची. खालची गावं कोरडी पडली. उखळवाडीची माणसं घरं सोडून निघाली. शाम रडायचा. असं आठ दिवस चाललं. नवव्या दिवशी मीच ओल्या बोटानं ती भिंत पुसून टाकली आणि तडक अंगणात निघून गेले. माफी मागणं मला तेव्हा जमायचं नाही.

तरी मी तिला आई म्हणत नव्हते. मी तिला कशानंच हाक मारत नव्हते. आणि एक गोष्ट मी हेरून ठेवली होती. अण्णांनी 'विजया' म्हणून बोलावलं की ती मुकाट दारात येऊन उभी राहायची, पण 'ओ' कधी द्यायची नाही. तीन वर्षांत एकदाही नाही. मला वाटायचं, चला, माझ्या आईच्या नावाला ओ देत नाही, एवढी तरी लाज आहे. किती मूर्ख होते मी.

बेचाळीस साली अधिक ज्येष्ठ आला. धोंड्याचा महिना. नदीच्या स्नानाचं पुण्य आणि जावयाला तेहतीस अनारशांचं वाण. त्यासाठी जामखेडहून तिची आई, केशरबाई, आली. सोवळी विधवा, अंगावर लाल आलवण, काखेत अनारशांचा डबा. जामखेडहून नगर, नगरहून आगगाडी, दोन दिवसांचा प्रवास करून ती बाई आमच्या दारात उभी राहिली आणि तिनं हाक मारली, "दगडे! अगं दगडे!"

"ओ!"

आतून आवाज आला, असा मोठा आणि असा मोकळा की मला वाटलं घरात दुसरंच कुणी आहे. मागोमाग भांडं पडल्याचा आवाज. ती पळत बाहेर आली आणि आईच्या गळ्यात पडली.

मी अंगणात उभी होते ती उभीच राहिले. दगडा. तीन गेल्यावर झालेली चौथी. हाक थांबली की गाळ भरतो. तीन वर्षं ती आम्हाला सांगत होती आणि मी लाथ मारली होती. मला स्वतःची इतकी शरम वाटली की मी गोठ्यात जाऊन बसले.

संध्याकाळी अण्णांना पाटावर बसवून केशरबाईंनी वाण दिलं. अण्णांनी नमस्कार केला. मग त्या म्हणाल्या, "जावईबापू, वाण घेतलंत. आता मी मागते ते द्या. उद्या लेकीला माझ्यासंगं गंगेवर येऊ द्या. मला परवा परत जायचंय. पुन्हा काही माझ्यानं एवढं येणं व्हायचं नाही."

अण्णांचा चेहरा उतरला. "आई, दुसरं काहीही मागा. तिची शपथ आहे, शामच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली."

केशरबाईंनी तीन लेकरं पुरली होती. लेकराच्या डोक्याचं नाव निघाल्यावर त्या काय बोलणार? त्यांनी लेकीकडे पाहिलं, लेकीनं जमिनीकडे. विषय तिथंच संपला.

सकाळी अण्णा घाटावर कामाला गेले. पाठोपाठ केशरबाई एकट्याच स्नानाला गेल्या. ती चुलीपुढं तांदूळ निवडत बसली होती. शाम उंबऱ्यात अनारसा खात होता. निवडलेले खडे ती पुन्हा तांदळात टाकत होती, हे मी पाहिलं. मग माझ्यानं राहवेना.

"शपथ कुणी घेतली?" मी विचारलं.

तीन वर्षांत मी आपणहून तिच्याशी बोललेलं हे तिसरं किंवा चौथं वाक्य असेल. "मी," ती म्हणाली.

"काय म्हणून घेतलीस?"

"मी विजया, गंगेवर..." ती थांबली.

"विजया माझी आई होती," मी म्हटलं. मला रडू यायला लागलं होतं आणि त्याचा रागही येत होता. "ती गेली. तिनं कसली शपथ घेतलेली नाही. तुझं नाव दगडा आहे. तू शपथ घेतलीच नाहीस."

तिनं तांदळाचं ताट खाली ठेवलं. मग हळूच म्हणाली, "आणि शामला काही झालं तर?"

दहा वर्षांची मुलगी मी, मला काय माहीत? शामच्या हनुवटीवर खसखस चिकटली होती. ती त्याच्याकडे इतका वेळ बघत बसली की चुलीतलं लाकूड जळून खाली पडलं. मग उठली, हात धुतले, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "मी दगडा, गंगेवर जाऊन येते." शामला तिनं भीमाबाईच्या स्वाधीन केलं. "याला उंबऱ्याबाहेर सोडू नका."

"जा बाई," भीमाबाई म्हणाली. "पन एक सांगू का? राग मानू नका. पानी न्हाई तिथं. समदी वाळू हाय. उन्हाळ्यात मी आपलं तुमाला खोटंच सांगत हुते, पायऱ्या बियऱ्या. कशाला त्या जिवाला वाळू दाखवायची म्हनून."

मी रोज गंगेवर जात होते, मला हे ठाऊक होतं. मीही कधी तोंड उघडलं नव्हतं. आधी दुष्टपणानं, आणि नंतर का, ते मला नीट सांगता यायचं नाही.

शंभर पावलं ती माझा हात धरून चालली. दर दहा पावलांवर मागं वळून बघत होती, घराकडे, शामसाठी. घाटाच्या वरच्या पायरीवर आम्ही पोचलो. खाली पांढरी वाळू, काळे खडक, आणि मधून जेमतेम एक धार. पलीकडे एका ठिकाणी डोह तेवढा होता, तिथं बायका स्नान करत होत्या.

"एवढीच?" ती म्हणाली. आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसत होती. "माझी हिच्यापेक्षा रुंद होती गं."

मग ती माझा हात सोडून पायऱ्या उतरली, वाळू तुडवत डोहाकडे गेली आणि केशरबाईंच्या शेजारी कमरेइतक्या पाण्यात जाऊन उभी राहिली, घाटाकडे पाठ करून.

अण्णा खडकाच्या सावलीत कुणाचे तरी पिंड मांडत होते. त्यांनी पाहिलं. "विजया!" ते ओरडले. घाटावरच्या बायकांनी माना वळवल्या. भर घाटावर बायकोला नावानं हाक मारणारा भटजी पुणतांब्यानं पाहिला नव्हता. "विजया! मागं फिर!" ती वळली नाही. ती आणखी एक पाऊल पुढं गेली. अण्णा विधी तसाच टाकून उठले आणि बोटात दर्भ अडकलेला, पंचा सुटलेला, तसे वाळूतून पळत सुटले.

पुढचं सगळं आधीच सांगून टाकते, कारण त्यात फारसं काही नाही. घरात तीच भांडी राहिली. बारशाला, मुंजीला, मतदारयादीत, दवाखान्याच्या कागदावर ती शेवटपर्यंत विजयाच होती. अण्णांची भीती गेली नाही. गुडघे जाईपर्यंत पाणी तेच आणत राहिले, आणि ती उभ्या आयुष्यात गंगेवर गेली असेल दहा-बारा वेळा, दर वेळी शामच्या डोक्यावर हात ठेवून. शाम पुढं पोस्टात लागला आणि चांगला जगला. पण त्याला साधी पडशाची शिंक आली तरी तिचा चेहरा पांढरा पडायचा, ती जाईपर्यंत पडत राहिला. त्या दिवसापासून मी तिला आई म्हणू लागले. बदललं ते एवढंच.

पण त्या सकाळी अण्णा पाण्याच्या कडेला जाऊन थांबले. मी मागून धावत पोचले होते. त्यांनी पुन्हा 'विजया' म्हणायला तोंड उघडलं. तसंच मिटलं. याच पाण्यात त्यांनी एक विजया घालवली होती, आणि समोर एक पाठ होती, जी त्या नावाला वळत नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खरं नाव त्यांना ठाऊक होतं, लग्नाआधी पत्रिकेवर त्यांनीच ते वाचलं होतं.

"दगडा," अण्णा म्हणाले. अगदी हळू. मलाही जेमतेम ऐकू आलं.

ती पाण्यात वळली.

"ओ," ती म्हणाली.